चाक चाखणारा बुधाजी

दातांत एक काडी धरा आणि "चाक" म्हणून बघा. आत्ताच बघा, लाजू नका, मी कुणाला सांगत नाही. "चाख" असंच काहीतरी बाहेर पडलं की नाही? बस्स. एवढ्याशा गोष्टीवर माझ्या बापाचं पनवेलभर नाव झालं, आणि एवढ्याशाच गोष्टीपायी माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्याच्यावर आभाळ कोसळलं. आता सगळं नीट सांगते. मध्ये बोलायचं नाही. मध्ये कुणी बोललं की माझं डोकं फिरतं, हे मी आईकडून घेतलंय.

माझा बाप बुधाजी. उरण नाक्याजवळ त्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, चार खांबांवर कौलं आणि खाली गुडघाभर भुसा. तिथे तो बैलगाडीची चाकं करायचा. त्या काळी पनवेलचं चाक म्हटलं की लोक घाट उतरून यायचे. जातीनं आम्ही आगरी, आजा बेलपाड्याला मिठागरात राबायचा, आणि बाबानंही तेच करायचं असं ठरलेलंच होतं. पण मिठाच्या पाण्यानं त्याच्या टाचांना अशा भेगा पडायच्या की एक दिवस तो मिठाच्या गाडीवर चढून बसला तो बसलाच. पनवेलात त्या गाडीचं चाक मोडलं, गाडी दिनानाथ मिस्त्रींच्या दारात उभी राहिली. दुरुस्ती झाल्यावर गाडी परत गेली, बाबा गेला नाही.

दिनानाथ मिस्त्री जातिवंत सुतार, तोंडानं फटकळ पण मनानं मोठा माणूस. त्यांनी बाबाला काम शिकवलं आणि कामाबरोबर एक वाक्य दिलं: लाकूड डोळ्यानं घ्यावं, लोखंड रंगानं घ्यावं, चाक कानानं द्यावं. लाकूड डोळ्यानं, हे कुणालाही कळेल. लोखंड म्हणजे चाकाला बाहेरून बसवतात ती पट्टी, तिला धाव म्हणतात. ती भट्टीत लाल करायची, लालही ठरावीकच, आणि चाकावर चढवून वरून पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि मधल्या तुंब्यापासून आऱ्यांपर्यंत सगळं लाकूड घट्ट मुठीत धरल्यासारखं होतं. मग चाक उभं करून लाकडी हातोडीनं तीन ठोके द्यायचे आणि ऐकायचं. बाजारात आपण मडकं वाजवून घेतो ना, तसंच. चांगलं चाक खणखणतं. आत कुठे बारीक चीर असेल, एखादा आरा ढिला असेल, तर भद्द वाजतं. बाबा चाक वाजवायचा आणि गाडीवानाला दोनच शब्द सांगायचा, "बोलतंय. न्या." नाहीतर, "मुकं हाय." मुकं चाक तो कुणालाही द्यायचा नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

आणि असल्या माणसाचेच कान जावेत! देवाला काय अक्कल असते का कधी कधी?

मी तीन-चार वर्षांची असेन, सत्तेचाळीसच्या आसपास. बाबाला मोठा ताप आला आणि कान वाहायला लागले. आईनं लसणीचं तेल घातलं, शेजारणीनं सांगितलेला पाला पिळला, आणखी कुणी काय काय सांगितलं ते सगळं त्या कानांत गेलं, आणि जाता जाता बहुतेक ऐकू येणंही घेऊन गेलं. माझी आई हौसा. तिचा आवाज म्हणजे काय सांगू, ती अंगणातून हाक मारायची तर तळ्यावरच्या बायका "काय गो?" म्हणून ओ द्यायच्या. त्या आईची हाकही बाबाला जेव्हा ऐकू येईना तेव्हा सगळे घाबरले. आईनं त्याला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरनं कानात उजेड पाडून बघितलं. मग त्यानं दोन दातांचा एक लोखंडी चिमटा काढला, तळहातावर आपटला आणि त्याची दांडी बाबाच्या कानामागे टेकवली. बाबा दचकला. मग लहान पोरासारखा हसला आणि "घंटा!" असं मोठ्यानं म्हणाला. डॉक्टरनं आईला बसवून बराच वेळ काहीतरी समजावलं. त्यात हाड हा शब्द चारदा आला, एवढं तिला पक्कं आठवायचं. पण तिनं बोंबलांची पाटी दाराबाहेर ठेवली होती आणि तिथे एक मांजर घिरट्या घालत होतं, त्यामुळे तिचं अर्धं चित्त पाटीत. घरी येऊन तिनं सगळ्यांना सांगितलं, "डाक्टर बोलला, कान गेले, पन हाडं मजबूत हायेत." लोक म्हणाले, चला, तेवढं तरी बरं.

बाबा काम करतच राहिला. ठोके मारायचा आणि गाडीवानाच्या तोंडाकडे बघायचा, त्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायचा. असंच एकदा त्यानं एका चाकाला "बोलतंय" म्हटलं आणि ते चाक कर्नाळ्याच्या उतारावर फाटलं. माणूस वाचला, बैल वाचले, भाताची पोती तेवढी रस्ताभर झाली. पण बाबा चार दिवस कारखान्यात गेला नाही. भिंतीकडे तोंड करून बसायचा. आईनं त्या चार दिवसांत एकदाही आवाज चढवला नाही. चढवून उपयोग नव्हता म्हणा, पण तरी.

पाचव्या दिवशी दिनानाथ मिस्त्री काठी टेकत आले आणि त्याला ओढून कामावर घेऊन गेले. आता गंमत ऐका. बाबा चाकाला आरे बसवत होता, दोन्ही हात गुंतलेले, म्हणून पटाशीची मूठ त्यानं दातांत धरली होती. वाकला, तशी पटाशीची पात चाकाला टेकली. त्याच वेळी पलीकडून मिस्त्रींनी हातोडी मारली. आणि बाबाच्या डोक्यात खण्ण झालं! त्यानं पटाशी टाकली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. परत पटाशी दातांत धरली, चाकाला टेकवली आणि मिस्त्रींना खूण केली, मारा. खण्ण. परत मारा. खण्ण. मिस्त्रींना वाटलं पोराचं डोकं फिरलं. बाबा दातांत पटाशी धरून रडत होता आणि नाचत होता, आणि पटाशी तोंडात असताना नाचू नये एवढंही त्याला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं शिसवीची हातभर लांब काडी घासून गुळगुळीत केली. एक टोक दातांत, एक टोक चाकाला, आणि हातोडीचे तीन ठोके. चाक पुन्हा बोलायला लागलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते उरणकडचं. त्यानं बाबाला काडी चावताना बघितलं आणि हातवारे करून विचारलं, हे काय चाललंय? बाबाला वाटलं हा विचारतोय, काडी कशाला टेकवलीस. त्यानं काडी न काढताच सांगितलं, "चाक!" पण बाहेर काय पडलं? चाख! झालं. त्या माणसानं उरणपर्यंत बातमी नेली, पनवेलात बुधाजी आहे, तो चाक चाखून देतो. कान गेले तर देवानं सगळं जिभेला दिलं. महिन्याभरात माणसं चाक घ्यायला कमी आणि चाखताना बघायला जास्त येऊ लागली. काडीला त्यांनीच नाव पाडलं, चाखणी.

बाबाला स्वतःला हे दोन वर्षं ठाऊक नव्हतं. त्याला कोण सांगणार आणि कसं? एकदा एका गाडीवानानं मिठाची पुडी पुढे केली आणि खुणेनं विचारलं, थोडं लावून चाखता का? तेव्हा त्याला कळलं. घरी येऊन तो इतका हसला की त्याला ठसका लागला. पण खरं काही त्यानं कुणाला सांगितलं नाही, उलट तो चेकाळलाच. चाक तपासून झालं की मिटक्या मारायचा. "जरा तुरट हाय," म्हणायचा, "पन बोलतंय. न्या." गाडीवान गंभीरपणे मान डोलवायचे.

आमच्यापासून दोन घरं सोडून गणू मिस्त्री चाकं करायचा. त्याची गिऱ्हाइकं तुटायला लागली तसा तोही चाखायला लागला. पण त्यानं काडी नाही घेतली, म्हटलं आपण बुधाजीच्या वर जाऊ, थेट जीभच लावू. एके दिवशी चारचौघांसमोर त्यानं नुकतीच चढवलेली धाव चाखली. धाव वरून काळी दिसते हो, पण आत कुठे निवलेली असते? बिचाऱ्याची जीभ अशी भाजली की आठ दिवस पेजेवर होता. बाबा त्याला भेटायला गेला, आणि दोघं समोरासमोर बसले, एकाला ऐकू येत नाही आणि एकाला बोलता येत नाही. आई म्हणाली, पनवेलात इतकी शांत भेट कधी झाली नसेल.

तुम्हाला वाटेल बहिरा माणूस म्हणजे आतून बंद घर. छे! बाबाला सगळं कळायचं. रस्त्यावरून गाडी आली की पायाखालच्या जमिनीवरून तो सांगायचा भरलेली आहे का रिकामी. मोटारीचा भोंगा कळायला तो बैलांच्या कानांकडे बघायचा. आई रागावली आहे हे तिच्या नाकपुड्यांवरून आणि किती रागावली आहे हे भांडी किती हलतात त्यावरून. बोलणाऱ्याच्या ओठांवरूनही त्याला पुष्कळ उमजायचं. फक्त काही काही शब्द ओठांवर अगदी एकसारखे दिसतात, तिथे त्याचा घोटाळा व्हायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि माझ्याशी तो चाखणीवरूनच बोलायचा. ही युक्ती माझी. सहा वर्षांची होते मी. म्हटलं, चाक जर काडीतून बोलतं तर मी का नाही? चाखणीचं एक टोक त्याच्या दातांत, दुसरं टोक मी माझ्या गळ्याला लावलं आणि ओरडले, "बाबा, मला जिलबी पायजे!" त्याचे डोळे एवढे मोठे झाले. मला वाटलं जिलबी जरा जास्तच मागितली की काय. पण तो धावत बाजारात गेला आणि जिलबी घेऊन आला, आणि खाताना मला परत परत तेच बोलायला लावलं. ताप आला तेव्हा मी बोबडं बोलत होते. त्यामुळे माझा खरा आवाज त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी चाखणी. शाळेत काय झालं, आईचं कुणाशी वाजलं, सगळं मी त्याला गळ्यातून पोचवायचे. फार वेळ दात आवळून त्याचा जबडा दुखायचा, म्हणून रोज एकच बातमी. निवडून सांगावी लागायची. आई कधी चाखणी लावायची नाही. म्हणायची, "माजा तसाच बोललेला त्यांना पोचतो." आणि ते खोटंही नव्हतं.

आता दातांचं सांगायला हवं. आयुष्यभर तंबाखू, त्यात रोज काडी आवळायची. दात टिकणार कसे? एकेक हलायला लागला. बाबा प्रत्येक दाताला निरोप द्यायचा आणि चाखणी पुढच्या दाताकडे सरकवायचा. लोकांचे दात गेले की चकलीची आठवण येते. आमच्या घरात दात गेला की आई देवापुढे दिवा लावायची. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या काय, लवंग काय, चुलीतली राख काय. घरात कडक म्हणून काही शिजायचंच नाही. मी वयात आले तोवर अख्ख्या तोंडात वरचा एकच सुळा उरला होता. बाबा चाखणी त्या सुळ्याला टेकवून अंगठ्यानं दाबून धरायचा. हिरडीला लावूनही त्यानं बघितलं होतं. "नुसत्या गुदगुल्या होतात," म्हणाला.

अशात माझं लग्न ठरलं, एकसष्ट साली. बेलपाड्याचे बळीराम म्हणून एक गाडीवान होते, मीठ वाहायचे. बाबाचं जुनं गिऱ्हाईक. "बोलतंय. न्या." ऐकल्याशिवाय हा माणूस चाकाला हात लावायचा नाही. त्यांच्या थोरल्या मुलासाठी त्यांनी मला मागणी घातली. मुलाचं नाव विचारू नका, नवऱ्याचं नाव असं येता-जाता घेत नाहीत. योग्य जागी घेईन.

लग्न ठरल्यावर बाबानं एकच गोष्ट मागितली. लेक मांडवात नाव घेईल ते मला ऐकायचं आहे.

"ऐकायचं म्हणजे?" आई खुणेनं म्हणाली. बाबानं चाखणी वर धरली. आईनं कपाळाला हात लावला. "मांडवात लेकीच्या गळ्याला काडी लावनार? बेलपाड्याची लोकां काय म्हनतील?"

"आमच्या घरची रीत हाय म्हनून सांगेन," बाबा म्हणाला.

"कवापासनं?"

"उद्यापासनं."

मी त्याच्या बाजूनं उभी राहिले. म्हटलं, लोकांना काय, लोक गरम धाव चाटतात. मी उखाणाही जुळवून ठेवला, पण त्याला आधी ऐकवला नाही. मांडवातच ऐक म्हटलं. त्यालाही ते पटलं. त्या महिनाभर तो त्या सुळ्याला असा जपत होता की बोलताना तोंडाची ती बाजूच हलवायचा नाही. जेवण म्हणजे मऊ भात आणि आमटीचं पाणी.

आंदण म्हणून बाबानं नवरदेवाच्या गाडीला नवी कोरी दोन चाकं केली. लग्नाच्या आदल्या दिवशी ती अंगणात टेकवून ठेवली होती. घर पाहुण्यांनी भरलं होतं, आणि माझी भामा आत्या लाडू करायला बसली होती. भामा आत्याला बोलायला लागली की थांबता येत नाही. बोलता बोलता तिचा गुळाचा पाक पुढे गेला, आणि शेंगदाण्याचे लाडू असे झाले की त्यांनी नारळ फुटला असता. आई ते लाडू परातीत घेऊन, भामा आत्याचा उद्धार करत बाहेर आली. बघते तर पाहुण्यांची पोरं नव्या चाकांवर चढून झोके घेतायत. समोर बाबा उभा. आई त्याच्याकडे तोंड करून ओरडली, "अवो, चाक बगा! चाक बगा!"

आता तुम्हीच आरशासमोर उभे राहा आणि दोन्ही म्हणून बघा. ओठांवर चाक आणि चाख यांत काडीचा फरक दिसत नाही. बाबानं बघितलं: बायको समोर, हातात लाडवांची परात, आणि म्हणतेय, चाख बघा. बायकोनं इतक्या प्रेमानं किती वर्षांत म्हटलं नव्हतं. सुळा विसरून त्यानं एक लाडू उचलला आणि चावला.

तो आवाज आम्हा सगळ्यांना आला. बाबाला तर नक्कीच आला असणार. त्या सुळ्यानं त्याला ऐकवलेला तो शेवटचा आवाज.

त्यानं हातावर थुंकलं. लाडवाचा तुकडा आणि दात. बराच वेळ तो हाताकडे बघत राहिला. मग आईनं बघितलं, आणि तिनं परात तिथेच सोडली. लाडू अंगणभर गडगडत गेले, एकही फुटला नाही. भामा आत्या "मी काय केला? मी काय केला?" करत आत पळाली.

बाबा रागावला नाही, हेच वाईट. तो चाकाजवळ बसला, चाखणी हिरडीला लावली, ठोका मारला. परत मारला. मग ती काडी त्यानं नीट पुसली आणि आढ्याला खोचून ठेवली. मी जाऊन ती काढली आणि गळ्याला लावून त्याच्यासमोर उभी राहिले. त्यानं माझा हात हळूच खाली केला.

"ऱ्हाऊ दे, शके," तो म्हणाला. "मी तोंड बगेन तुजा. बगून कलंल."

मला इतका संताप आला की सांगता येत नाही. लाडवाचा आला, आईचा आला, भामा आत्याचा आला, ज्यानं क आणि ख शेजारी शेजारी ठेवले त्याचा आला. एकच गोष्ट मागितली होती हो त्यानं. मी आत जाऊन हळदीच्या अंगानं पाटावर बसून ढसाढसा रडले. बायका म्हणाल्या, सासरी जायचंय म्हणून रडतेय गरीब. मी त्यांच्यावरही खेकसले.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. धवलारीण धवले गात होती, तिच्या गाण्यांवरच आमची लग्नं लागतात. बाबा मांडवाच्या खांबाला पाठ लावून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. "नाव घे, नाव घे" सुरू झालं. मी मान वर केली, बाबाकडे तोंड केलं, अगदी सावकाश, ओठ मोठे मोठे करून बोलणार होते. तेवढ्यात माझी नणंद मैना, चांगली आडव्या बांध्याची बाई, नाव ऐकायला म्हणून मध्ये येऊन उभी राहिली. तिच्यामागे आणखी सहा जणी. मला बाबाचा नुसता फेटा दिसत होता. "बाजूला व्हा!" म्हणावं तर नवी नवरी. जन्मात मी एकदाच गप्प बसले, आणि ते तेव्हा. शेवटी घेतलं नाव:

"बापानं घडवलं चाक, त्याला बारा आरे,
आनंदाचं नाव घेते, ऐका आता सारे."

मांडव हसला, टाळ्या पडल्या. मैना बाजूला झाली आणि मला बाबा दिसला. सगळे हसताहेत हे बघून तोही हसला. सगळ्यांच्या मागून, थोडा उशिरा. ते हसणं मला अजून डोळ्यांसमोर दिसतं, आणि अजून मैनाचा राग येतो.

मग निघायची वेळ झाली. नव्या चाकांची गाडी दारात उभी, बैलांना झुली घातलेल्या, वर आमचे हे. ऊन उतरायच्या आत बेलपाडा गाठायचं म्हणून सासऱ्यांची घाई. मी आईच्या गळ्यात पडले, तिचा हुंदका नाक्यापर्यंत ऐकू गेला. मग बाबाकडे आले. तो चाकाजवळ उकिडवा बसून खिळी तपासत होता, उगीचच. मी खाली वाकले, त्याच्या गळ्यात हात टाकले आणि माझं कपाळ गेलं ते त्याच्या कानामागे, हाडावर. तिथेच टेकून मी रडायला लागले. "बाबा... बाबा गो..."

बाबा ताठ झाला. मग मला म्हणाला, "शके, येवढ्या मोठ्यानं का रडतेस? डोका फुटला ना माजा!"

मी रडायची थांबले. कपाळ उचललं आणि त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं, जसं चाक धरायचा तसं, आणि परत होतं तिथे दाबलं. नेमकं तिथेच.

"बोल," तो म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हाड! डॉक्टर चारदा हाड म्हणाला होता! चौदा वर्षं आम्ही एकेका दातापुढे दिवे लावले, आणि ऐकणारा बसला होता पलीकडे, हाडात. सगळी चूक त्या बोंबलांची. पण तेव्हा भांडायला वेळ नव्हता. मी कपाळ घट्ट लावलं आणि नाव घेतलं, त्याच्या एकट्यासाठी, जरा बदलून:

"बापानं घडवलं चाक, त्याला बारा आरे,
आनंदाचं नाव घेते, ऐक बाबा रे."

त्याचे खांदे हलत होते. मला ते माझ्या कपाळात जाणवत होतं. भोवती सगळे डोळे पुसत होते. बाप-लेक रडताहेत, यात लोकांना नवल ते काय? आत काय चाललंय ते आम्हा दोघांनाच ठाऊक. "आनी येकदा," तो म्हणाला. मी पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदाही घेतलं. चाकाला ठोके तीनच असतात.

सासऱ्यांनी येऊन बाबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सूर्याकडे बोट दाखवलं. निघायला हवं. बाबानं माझं डोकं सोडलं. उभा राहिला, तोंड पुसलं, आणि माझा हात त्यांच्या हातात देऊन म्हणाला,

"बोलतंय. न्या."

सासऱ्यांना वाटलं हा गाडीच्या चाकांबद्दल सांगतोय. ते खुशीत मान डोलवून म्हणाले, "तुमचा चाक हाय, बोलनारच की!"

मी मात्र तिथल्या तिथे फणकारले, "बाबा! मी काय चाक हाय?" पण माझं कपाळ त्याच्यापासून सुटलं होतं, त्यामुळे ते काही त्याला ऐकू गेलं नाही.